दोन श्वासांमधली जागा

१

जिनिंगचा भोंगा व्हायच्या आधी गिरिजाबाई उठायची. तोंडावर पाणी मारायची, वाकळेची चौघडी भिंतीशी टाकायची आणि तिच्यावर मांडी घालून बसायची. पाठ ताठ, डोळे मिटलेले, हात मांडीवर. मग सगळं लक्ष नाकपुडीच्या तोंडाशी. श्वास आत आला, येऊ द्यायचा. बाहेर गेला, जाऊ द्यायचा. ओढायचा नाही, ढकलायचा नाही, मोजायचा तर बिलकुल नाही. ऐकायला एवढंसं काम, पण करायला बसल्यावर घाम फुटतो.

घर जुन्या जालन्यात, मोंढ्याच्या मागच्या बोळात. घर म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रे, पुढच्या बाजूला चूल. मागची भिंत धान्याच्या गोदामाशी सामाईक. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि कोपऱ्यात साहेबरावची बाज. साहेबराव गिरिजाबाईचा नवरा. जिनिंगमध्ये रुई उपसून उपसून त्याच्या छातीत दमा बसला, आणि गेल्या उन्हाळ्यात त्या दम्यानंच तो गेला. बाज मात्र तशीच राहिली. तिच्यावर कुणी झोपत नव्हतं आणि ती बाहेर काढावी असं कुणी म्हणतही नव्हतं.

नवरा गेल्याचं दुःख सगळ्यांनाच होतं, पण गिरिजाबाईचं दुःख कानात जाऊन बसलं होतं. इतकी वर्षं ती एक कान बाजेकडे ठेवून झोपलेली बाई. श्वास नीट चाललाय म्हणजे झोपायचं, अडकला की उठायचं. आता कानाला काही कामच उरलं नाही, आणि बिनकामाचा कान काही तिला झोपू देईना. दिवसभर मोंढ्यात धान्य निवडायचं, चाळायचं, सांडलेलं झाडून भरायचं, आणि घरी येऊन पत्र्याकडे बघत पडायचं. बाई निम्मी झाली.

आषाढात वस्तीतल्या विहारात एक म्हातारे भंतेजी वर्षावासाला, पावसाळाभर मुक्कामाला आले. विहार म्हणजे तरी काय, चार भिंती आणि पत्रा. संध्याकाळी वंदना झाली की ते बायांना थांबवून घ्यायचे आणि हे श्वास बघणं शिकवायचे. पहिल्या आठवड्यात बाया दाटीवाटीनं बसल्या. मग कुणाची कंबर धरली, कुणाचं लेकरू रडलं, कुणाला बसल्या जागी डुलकी लागली. गिरिजाबाई टिकली. तिच्या शेजारची मालनबाई आल्यागेल्याला सांगायची, "गिरजा लई धार्मिक झाली." खरं तेवढं काही नव्हतं. तिच्या कानाला पुन्हा काम मिळालं होतं, एवढंच.

२

पण शिकताना एक खोड राहून गेली, आणि ती खोड भंतेजींच्या लक्षात आली.

साहेबरावचा श्वास अडकला की गिरिजाबाई त्याच्यासमोर उकिडवी बसायची. त्याचे दोन्ही हात धरायची. स्वतः मोठ्यानं श्वास घ्यायची, मोठ्यानं सोडायची, आणि म्हणायची, "घे, माझ्यासंगं घे." मग थांबायची. तिचा श्वास सोडून झालेला असायचा, पुढचा ती घ्यायची नाही. तेवढी जागा त्याची. त्या जागेत त्यानं आपला श्वास कसाबसा आत ओढायचा, मग सोडायचा. सोडताना त्याच्या छातीतून सुंई वाजायची, बारीक, लांब, शेवटाला किंचित वर चढणारी. ती सुंई वाजली की गिरिजाबाई पुढचा श्वास घ्यायची. असं करत करत दमा ओसरायचा. डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. संसारात माणसं जशी आपली आपली रीत काढतात, तशी ती त्या दोघांची रीत होती.

विहारात डोळे मिटून बसल्यावरही ती तसंच करायची. श्वास सोडायची आणि थांबायची.

"बाई," एक दिवस भंतेजी म्हणाले, "तुम्ही मधे थांबता. कुणाची वाट बघता?"

गिरिजाबाई हसली. "सवय हाय भंतेजी. जाईल हळूहळू."

भंतेजी हसले नाहीत. "श्वासाची वाट बघायची नसते. तो आपला येतो, आपला जातो. आपण नुसतं बघायचं. जागा करून द्यायची नाही."

तिनं मान हलवली. प्रयत्नही केला. पण तो क्षण आला की अंग आपसूक थांबायचं, पायरीपाशी पाय थांबतो तसं. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, बायांनी भंतेजींना चीवर दान दिलं आणि ते पुढच्या गावाला निघून गेले. गिरिजाबाईचं बसणं घरी सुरू झालं आणि खोडही घरी आली.

त्याच सुमाराला लेक शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीला दिलेली. दिवाळी झाली आणि मुलगी झाली. नाकी डोळी आजोबासारखी, असं सगळा बोळ म्हणाला. आता तान्ह्या लेकराचं नाक कुणाच्या नाकासारखं दिसायचं, पण गिरिजाबाईला ते गोड वाटलं. तिनं आपलं जुनं लुगडं दुहेरी करून आढ्याला झोळी बांधली. साहेबराव गेल्यापासून ओस पडलेली खोली दूध, धुरी आणि रडण्यानं भरून गेली. हे लेकरू आपल्या हातून धडधाकट त्याच्या घरी जावं, गिरिजाबाईचं मागणं तेवढंच होतं.

३

मार्गशीर्षातली एक सकाळ. भोंगा व्हायचा होता. शिवकन्या झोपलेली, लेकरू झोळीत. गिरिजाबाईनं श्वास सोडला आणि सवयीनं थांबली.

आणि त्या जागेत कुणीतरी श्वास घेतला.

मोठा नाही, घाबरवणारा नाही. नीट, सावकाश आत घेतलेला श्वास. गिरिजाबाईनं डोळे उघडले नाहीत. ती मनाशी म्हणाली, पोरगी कूस बदलत असेल. तिनं आपला श्वास घेतला, सोडला, थांबली. पुन्हा तोच आवाज. शिवकन्येचं अंथरूण उजव्या हाताला होतं. आवाज डाव्या हाताचा होता.

तिनं डोळे उघडले. खोली होती तशीच. चुलीत राखेखाली विस्तव, झोळी स्थिर, कोपऱ्यात रिकामी बाज.

गिरिजाबाई मोंढ्यातली बाई. पोत्यांचे आवाज तिच्याइतके कुणाला ठाऊक? पोतं खाली बसतं तेव्हा सुस्कारा टाकतं, थप्पी सरकते तेव्हा कण्हते. भिंतीपलीकडे गोदाम आहे, नवी ज्वारी भरली आहे, थप्प्या बसत असतील. तिनं उठून भिंतीला कान लावला. भिंतीपलीकडे एक उंदीर कुरतडत होता, दुसरं काही नाही. बाहेर बोळात टांग्याचा घोडा फुरफुरला. हेच असेल, असं म्हणून तिनं चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम कान देऊन बसली. सोडला, थांबली. आला. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की काल आपल्याला खुपत काय होतं. तो श्वास आत जात होता, पण बाहेर येत नव्हता. दर खेपेला नुसता घेत होता. घोडा असता तर सोडला असता, पोतं असतं तर ते घेईल कशाला? माणूस असो की जनावर, घेतलेलं सोडावंच लागतं. हा घेत होता आणि ठेवून घेत होता.

४

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला आणि कोणत्या तोंडानं?

छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती नवी नवरी होती. सासऱ्यानं घरातले सगळे देव एका टोपलीत भरले आणि कुंडलिकेत सोडले. ती टोपली गिरिजाबाईच्या डोक्यावर होती. त्या दिवसापासून या घरात कधी लिंबू कापलं नाही, कुणाला अंगारा लावला नाही. अंगात येतं म्हणणाऱ्या बायांची तिनं वस्तीत अशी फिरकी घेतली होती की त्यांच्या अंगात यायचंच बंद झालं. आता तीच बाई उठून म्हणणार, की माझ्या खोलीत कुणीतरी श्वास घेतं? डोक्यावरून नदीत सोडलेली टोपली पुन्हा डोक्यावर घेण्यासारखंच ते. जीव गेला तरी ती ते म्हणणार नव्हती.

आणि दुसरी गोष्ट अशी, की तिला तो आवाज आवडू लागला होता.

हे तिनं स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नाही. पण झोप परत आली होती. जेवण गोड लागत होतं. पहाटे ती घाईनं उठायची आणि वाकळेवर बसताना लग्नाच्या पोरीसारखा पदर सारखा करायची. हा साहेबराव नाही, असं ती रोज मनाला बजावायची. साहेबरावचा श्वास असता तर सुंई नसती वाजली? ती सुंई तर हजार माणसांत ओळखू आली असती. सुंई नाही म्हणजे तो नाही, आणि तो नाही म्हणजे काहीच नाही. कानाचा खेळ. असं म्हणून ती पुन्हा श्वास सोडायची आणि जागा करून थांबायची.

बसणं लांबत गेलं, पत्र्याच्या भोकातून कवडसा पडेपर्यंत. गोदामाच्या शेजारचं घर, हवेत धान्याची धूळ कायम. एका सकाळी जागा करून थांबलेली असताना तिनं डोळे किलकिले केले. कवडशात धूळ तरंगत होती. तो श्वास सुरू झाला, आणि सगळी धूळ एकदम एकीकडे वाहू लागली. खिडकीकडे नाही, दाराकडे नाही. कोपऱ्यातल्या बाजेकडे. कवडशाच्या कडेला गेली आणि दिसेनाशी झाली. परत आली नाही.

वारा आहे, गिरिजाबाई म्हणाली. खिडकी बंद होती, दाराला कडी होती, आणि ते तिनंच लावलं होतं.

५

पौषात तुरीची आवक सुरू झाली. एका पहाटे मुकादमाचा निरोप आला, ट्रक उभा आहे, जल्दी या. गिरिजाबाई तोंडावर पाणी मारून तशीच निघाली. त्या दिवशी बसणं झालं नाही.

तूर चाळता चाळता मालनबाईनं विषय काढला; आवक जास्त असली की तेवढीच ती मोंढ्यात कामाला यायची. मालनबाई म्हणजे अशी बाई, की तिला गप्प बसणं सोसत नाही. "पोरीचं लेकरू आजोबावरच गेलंय बग. मी तर परवा दचकलेच. माझ्या पुढ्यात गेला ना तुझा मालक. तू हितंच आल्ती मोंढ्यात. मी पाणी पाजू राह्यल्ते. त्यानं असा मोठा श्वास आत घेतला, बाई, अन् मी वाट बगू राह्यले, आता सोडंल, मंग सोडंल. आत घेतला तो घेतलाच. सोडलाच न्हाई."

गिरिजाबाईच्या हातातली चाळणी थांबली. हे तिनं तेव्हाही ऐकलं होतं. मयताच्या घरात माणूस शंभर गोष्टी ऐकतं आणि एकही ऐकत नाही. आता ते नीट ऐकू आलं. सुंई तर सोडताना वाजायची. जो सोडतच नाही, त्याची सुंई वाजणार कुठून?

एवढ्यात बोळातली एक पोरगी धावत आली. "गिरजामावशी, चला! लेकराचा जीव घाबरा झालाय!"

ती घरी पोचली तेव्हा शिवकन्या लेकराला उभं धरून रडत होती. लेकराचे ओठ जांभळे पडले होते, छाती वर उचललेली होती आणि खाली येत नव्हती. तान्ह्याची छाती भरली की म्हणतात तसं बोळातल्या बाया "डबा झाला, डबा झाला" म्हणत होत्या. गिरिजाबाईनं लेकरू ओढून घेतलं, पालथं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. कशानं कुणास ठाऊक, पण लेकरानं टाहो फोडला.

दवाखान्यात डॉक्टरनं नळी लावून तपासलं. "छाती साफ आहे बाई. काही नाही. थंडीचं जपा."

"म्या सांगितलं ना काही न्हाई," गिरिजाबाई शिवकन्येला म्हणाली, आणि टांग्यात लेकराच्या छातीवर ठेवलेला हात तिनं घर येईपर्यंत काढला नाही.

६

एकदाचं काय ते बघावं, असं तिनं ठरवलं. शहाण्या माणसानं असंच करावं. दुसऱ्या पहाटे ती बसली, आणि भंतेजींनी सांगितलं होतं तशी बसली. मधे थांबायचं नाही, जागा करायची नाही. अंग थांबू बघायचं, ती थांबू द्यायची नाही. सोडला की घेतला, सोडला की घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते बरोबर जमलं, आणि काही ऐकू आलं नाही. तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग झोळीची दोरी करकरली.

लेकरू झोपेत हलतं तशी ती मघापासून बारीक करकरत होती. आता एकदा मोठ्यानं करकरली आणि थांबली. गिरिजाबाईनं डोळे उघडले. कवडसा नुकता पडत होता. धूळ वाहत होती. बाजेकडे नाही, झोळीकडे. लुगड्याच्या झोळीचा आकार वर फुगत होता, आतलं लेकरू श्वास घेत होतं, घेत होतं, घेतच होतं.

गिरिजाबाईनं छातीतला होता नव्हता तेवढा श्वास सोडून दिला आणि थांबली. "घे," ती बाजेकडे बघून म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. "माझ्यासंगं घे. तिचा नको. माझा घे."

धूळ जागच्या जागी थबकली. मग हळूच वळली आणि बाजेकडे निघाली. झोळीत लेकरू खोकललं आणि रडायला लागलं. शिवकन्या उठून बसली. "काय झालं माय?"

"काही न्हाई. भूक लागली आसंल. घे तिला."

त्या दिवसापासून गिरिजाबाईनं एक पहाट चुकवली नाही. ताप असो, कणकण असो, मुकादम बोंबलो. ती बसायची आणि द्यायची. कवडसा पडेपर्यंत देत राहायची. उठताना भिंतीला धरून उठायची. मोंढ्यात अर्धं पोतं उचलताना तिला धाप लागू लागली. वस्तीत मात्र तिचं नाव झालं. विहारात बाया एकमेकींना म्हणायच्या, "बसावं तर गिरजाबाईवानी. काय नेम हाय बाईचा!" गिरिजाबाई मान खाली घालून ऐकायची आणि तिला ओरडावंसं वाटायचं.

लेकराला इथून काढायचं, एवढा एकच विचार आता तिच्या डोक्यात होता. अंतरवालीला गेलं की सुटलं. तिनं जावयाला निरोपावर निरोप धाडले. वसंताचं उत्तर यायचं, कापसाची वेचणी चालू आहे, ती उरकली की येतो. सव्वा महिन्याची बाळंतीण अडीच महिने राहिली. माहेराला अशी लेक जड झालेली शिवकन्येनं कधी ऐकली नव्हती. "माय, मी जड झाले का गं?" तिनं एकदा डोळ्यांत पाणी आणून विचारलं. गिरिजाबाईनं तिला पोटाशी धरलं, पण सांगितलं काहीच नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

७

माघात वसंता आला. "जय भीम, मामी. लई उशीर झाला," म्हणत ओशाळला. गिरिजाबाईनं त्याच्यासाठी पोळ्या केल्या, लेकीची ओटी भरली, लेकराला नवं टोपडं घातलं. तिचे हात इतके भराभर चालले होते की वसंता बघतच राहिला.

"माय, ही वाकळ नेऊ का?" शिवकन्येनं भिंतीशी ठेवलेली चौघडी उचलली. "बापाच्या धोतराची हाय."

आजोबाच्या धोतराची वाकळ नातीच्या अंगाखाली घालायची, यात नवल काही नव्हतं. घरोघरी तेच करतात. गिरिजाबाईला क्षणभर देऊ नये असं वाटलं. पण मग वाटलं, आता आपल्याला बसायचंय कुठं? हे सगळं आजपासून संपलं. "ने," ती म्हणाली.

बस हलली तेव्हा ती रडली, आणि लेक सासरी जाताना आई रडतेच, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या पहाटे तिला जाग आली. वाकळ नव्हती, तरी ती नुसत्या जमिनीवर बसली. शेवटचं, एकदाच. श्वास सोडला आणि थांबली.

काही नाही.

पुन्हा सोडला, थांबली. जागा रिकामीच राहिली. कवडसा पडला. धूळ जशी असावी तशी, कुठेही जात नव्हती, नुसती तरंगत होती. गिरिजाबाईनं बाजेला हात लावला. नुसती बाज. ती सुटली होती, लेकरू सुटलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या सुटकेत तिला एकटंही वाटलं.

भोंगा झाला. मालनबाई विस्तव मागायला आली. "गेली का गं पोरगी? सुनं सुनं वाटतं. गुणाची हाय हां लेक तुझी. तू मोंढ्यात गेली की तुझ्याच वाकळेवर बसायची, लेकराला मांडीवर घेऊन. मी म्हणलं, तुला कुणी शिकवलं? तर म्हणली, शिकवायला कशाला पायजे, मायला रोज बगू राह्यले ना. बिलकुल तुझ्यासारखी बसती. श्वास सोडला की मधी थांबती बी, बराबर तुझ्यावानी." मालनबाईनं राखेतून विस्तव उचलला. "काल वाकळ बी मागून घेतली ना तिनं? मला आदल्या दिशीच म्हणली, बसायला न्हेते, तिथं बी नेम चालू ठेवते."

चुलीपाशी गिरिजाबाई नव्हती. दार उघडं होतं.

८

अंबडपर्यंत बस मिळाली. पुढे एका बैलगाडीवाल्यानं अर्ध्या वाटेपर्यंत घेतलं, आणि मग ती चालली. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. तिला धाप लागत होती, ती थांबत होती आणि प्रत्येक वेळी थांबल्यावर तिला आपल्याच थांबण्याची भीती वाटत होती. आज सकाळी पोरगी बसली नसेल. प्रवासानं थकली असेल. नव्या जागी लेकरू कुठं बसू देतं? डॉक्टर म्हणाला होता छाती साफ आहे. शिकलेला माणूस, तो काय खोटं सांगेल? असं मन समजावत ती गावच्या चौकात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

घराच्या ओट्यावर शिवकन्येची सासू, कांताबाई, सुपात डाळ घेऊन बसली होती. "आगं बाई, इहीणबाई! कालच तर आली पोरगी, अन् तुम्ही मागंच?"

"लेकरू कसं हाय?"

"ब्येस हाय की. रात्रभर हूं की चूं न्हाई. अशी गरीब पोर म्या बघितली न्हाई." कांताबाईनं आवाज खाली आणला. "सून आत बसलीया डोळे मिटून. सकाळी वसंताला डबा करायचा व्हता, तवा न्हाई जमलं, म्हणून आता बसली. लेकराला बी घेऊन बसती. लई चांगलं वळण लावलं हो तुम्ही."

गिरिजाबाई आत गेली. बाहेरच्या उन्हानं तिला आधी काही दिसेना. मग धाब्याच्या झरोक्यातून उतरलेला कवडसा दिसला, आणि कवडशाच्या पलीकडे शिवकन्या. वाकळेवर, पाठ ताठ, डोळे मिटलेले. मांडीवर लेकरू, तोंड थोडंसं उघडं.

शिवकन्येनं श्वास सोडला आणि थांबली.

कवडशातली धूळ निघाली. सावकाश, एका दिशेनं. गिरिजाबाईला ती कुठं चालली आहे ते बघायचं नव्हतं आणि तिनं बघितलं. या खोलीत बाज नव्हती. धूळ लेकराच्या उघड्या तोंडापाशी गेली आणि दिसेनाशी झाली. छातीवरचं झबलं वर उचललं. आणखी उचललं. तसंच राहिलं.

"शिवा," गिरिजाबाई म्हणाली.

लेकीनं डोळे उघडले. आईला बघून तिचा चेहरा फुलला. "माय! तू कशी आली?" मग ती कौतुकानं कुजबुजली, आवाजानं लेकरू उठेल म्हणून. "गप बग जरा. ही बी शिकली. ही बी मधी थांबती, बग."

गिरिजाबाई गुडघ्यांवर आली. तिनं लेकराच्या छातीवर तळवा ठेवला. छाती गच्च भरलेली होती, कापूस ठासलेल्या गासडीसारखी. लेकराचे डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडेच बघत होते. ती वाट बघत राहिली. आता सोडेल. मग सोडेल.

आणि लेकरानं श्वास सोडला.

बारीक, लांब सुंई वाजली, शेवटाला किंचित वर चढणारी.

शिवकन्या हसली. "सर्दी झालीय जराशी. कालपासून छाती वाजू राह्यली."

गिरिजाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते भीतीचं होतं आणि दुसरंही कशाचं तरी होतं, जे तिला लेकीसमोर सांगता आलं नसतं. तळव्याखाली ती इवलीशी छाती आता पार सपाट झाली होती आणि हलत नव्हती. तिनं लेकराचे दोन्ही हात धरले, तोंड त्याच्या तोंडापाशी नेलं, आणि छातीत उरलासुरला होता तेवढा श्वास मोठ्यानं सोडला.

"घे," ती म्हणाली. "माझ्यासंगं घे."

आणि थांबली.